मोळी नावाचं वाद्य आणि साष्टीचा किनारा

नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक अजस्र घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर तशीच एक, तिच्यावर १७०७. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. या तिन्ही घंटा मुळात हिंदू देवळांसाठी ओतलेल्या नाहीत. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा त्या प्रांतातल्या पोर्तुगीज चर्चमधून उतरवून त्या देशावर आणल्या, असं परंपरा सांगते. मेणवलीच्या घंटेवर बाळाला घेतलेली मेरी आहे, ती या परंपरेला दुजोराच देते.

वसईच्या मोहिमेवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. सुरुंग, मोर्चे, शिड्या, तह, सगळ्याची नोंद झाली. पण त्या मुलखाच्या आवाजाचा इतिहास लिहायला बसलं की आपण घंटांपाशी अडतो. घंटा टिकल्या, कारण त्या धातूच्या होत्या. त्याच चर्चमध्ये गाणारी मुलं होती, वाद्यं होती, ती शिकवणारे गुरू होते. लाकूड कोकणच्या पावसात कुजतं, कातड्याला कसर लागते, आणि फुंकवाद्याची बोरूची पत्ती तर काही आठवड्यांतच मरते. म्हणून या लेखात मी घंटा बाजूला ठेवून पत्तीच्या मागे जाणार आहे. ही वाट आज ज्याला आपण मीरा-भाईंदर म्हणतो त्या गावांवरून जाते, आणि तिच्या एका टोकाला बसून नावाचं वाद्य आहे.

आधी वाद्य पाहू. बसून म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं खर्जाचं लाकडी फुंकवाद्य. उभं धरलं तर साधारण १.३४ मीटर उंच. पण आतली नळी मोजली तर जवळजवळ अडीच मीटर. कारण ती नळी एकदा खाली जाते, तळाशी वळते आणि पुन्हा वर येते. लाकूड बहुधा मेपलचं. वरच्या बाजूने एक बारीक, वाकडी धातूची नळी बाहेर येते आणि तिच्या टोकावर पत्ती बसते. वादक ते अंगावर तिरकं धरतो. दोन्ही हातांची सगळी बोटं गुंततातच, शिवाय एकट्या डाव्या अंगठ्याकडे नऊ-दहा चाव्या सांभाळायचं काम असतं. आवाजाचा पल्ला साडेतीन सप्तकांचा. खाली तो जमिनीतून आल्यासारखा घनगंभीर, मध्ये माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळचा, आणि वर गेला की व्याकूळ.

याची नावं देशोदेशी वेगळी आहेत आणि ती सगळी एकाच गोष्टीकडे पाहून ठेवलेली नाहीत. इटालियन लोक त्याला फागोत्तो म्हणतात, जर्मन फागोट, पोर्तुगीज आज फागोते. फागोत्तो म्हणजे लाकडाची मोळी. दोन नळ्या शेजारी शेजारी बांधल्यासारख्या दिसतात, तेव्हा हे नाव आकारावरून पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंचांनी त्याला बासों म्हटलं, इंग्रजांनी त्यावरून बसून; इथे आकार गौण, आवाजाचा खर्ज महत्त्वाचा. स्पेनमध्ये बाखोन आणि पोर्तुगालमध्ये बायशांव ही जुनी नावंही खालच्या सुरावरूनच आली. जर्मन मुलखात १६व्या-१७व्या शतकात त्याच्या पूर्वजाला डुल्त्सियान म्हणत, म्हणजे गोड. मिखाएल प्रेटोरियस या संगीतज्ञाने १६१९मध्ये लिहून ठेवलं आहे की मोठ्या आकाराच्या जुन्या फुंकवाद्यांपेक्षा याचा आवाज मृदू, म्हणून हे नाव.

नावाच्या शोधात एक मोठा चकवाही आहे. पावियाचा आफ्रानियो नावाचा एक धर्मगुरू फेरारा इथे राहत होता. १५२०च्या सुमारास त्याने फागोतुम नावाचं एक यंत्र घडवलं. त्याचा पुतण्या तेसेओ आम्ब्रोजियो हा पूर्वेकडच्या भाषांचा जाणकार. त्याने १५३९मध्ये सिरियाक आणि आर्मेनियन भाषांवर पुस्तक काढलं आणि त्यात, काकाच्या प्रेमाने म्हणा, या वाद्याची चित्रं आणि वर्णन घातलं. नाव सारखं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं आफ्रानियो हाच बसूनचा जनक असं छापलं जात राहिलं. चित्रं नीट पाहिल्यावर कळलं की ते भात्याने वारा भरून वाजवायचं, मशकबाजाच्या जातीचं वाद्य होतं. नावामागून गेलं की माणूस असा भरकटतो. बसूनचा खरा वंश शोधायचा तर त्याची पत्ती पाहावी लागते.

ती पत्ती अशी तयार होते. आरुंडो डोनाक्स नावाचा एक उंच, पोकळ बोरू दक्षिण फ्रान्समध्ये उत्तम वाढतो. तो कापून बराच काळ वाळवतात, उभा चिरतात, आतून खरवडून पातळ करतात. मग ती पट्टी मधोमध दुमडायची, बुडाशी गोल करून तारेने आवळायची, वर दोरा गुंडाळायचा आणि दुमडलेलं टोक कापून टाकायचं. आता दोन पाती एकमेकींसमोर आली, मध्ये केसाएवढी फट. वाजवण्याआधी ती पाण्यात भिजवायची. ओठांत धरून फुंकलं की दोन्ही पाती एकमेकींवर आपटतात आणि नळीतली हवा थरथरते. वादक स्वतःची पत्ती स्वतः घडवतो, चाकूने रेषभर तासतो, पुन्हा फुंकून पाहतो, पुन्हा तासतो.

लग्नाच्या मांडवात सनईवाल्याच्या अगदी जवळ बसून पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. सनईच्या तोंडाशीही दोन पातींचीच पत्ती असते. फरक इतकाच की आपल्याकडे ती गवताच्या किंवा ताडाच्या जातीच्या पातीची करतात. वाद्याला दोऱ्याने सुई आणि दोन-चार जादा पत्त्या लोंबत असतात. मध्येच पत्ती रुसली तर सुईने फट मोकळी करायची, नाहीतर दुसरी चढवायची.

ही सारखेपणाची गोष्ट योगायोगाची नाही. पश्चिम आशियात सुर्ना नावाचं दुहेरी पत्तीचं, निमुळत्या नळीचं वाद्य फार जुनं आहे. ते इराणमार्गे पूर्वेला आलं आणि आपल्याकडे सनई-शहनाई या रूपांत रुजलं. तेच पश्चिमेला, अरब आणि तुर्कांच्या लष्करी वाजंत्र्यांबरोबर युरोपच्या कानावर पडलं आणि १२व्या-१३व्या शतकापासून तिथे शॉम या नावाने फोफावलं. पोर्तुगीज त्याला शरमेला म्हणत. युरोपियनांनी मग त्याचं लहान-मोठ्या आकारांचं कुटुंबच बनवलं: बारीक आवाजाचं, मधलं, जाड, फारच जाड. सर्वांत खर्जातलं वाद्य जवळपास तीन मीटर लांब, सरळसोट. ते उचलून चालणं अशक्य. तेव्हा १६व्या शतकाच्या पूर्वार्धात कुणा कारागिराने एकाच ओंडक्यात दोन समांतर भोकं पाडली, तळाशी ती जोडली, आणि लांब नळी दुमडून अर्ध्या उंचीत बसवली. मोळी तयार झाली. पुढे १७व्या शतकात फ्रान्समध्ये तो अखंड ओंडका चार जोडांत विभागला गेला आणि आजचा बसून आकाराला आला.

म्हणजे सनई आणि बसून ही एकाच घराण्याची दोन पाती. एक पूर्वेला गेली, एक पश्चिमेला. माझं म्हणणं इतकंच आहे की ही ताटातूट झालेली भावंडं उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर जितकी एकमेकांजवळ आली, तितकी फार कमी ठिकाणी आली असतील, आणि आपल्या इतिहासाने त्याची दखल घेतली नाही.

तेसेओच्या त्या पुस्तकाच्या ५ वर्षं आधी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, गुजरातच्या बहादुरशहाने तह करून वसई, साष्टी आणि मुंबईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून थेट वसईच्या खाडीपर्यंतचं बेट. आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेची बहुतेक सगळी गावं त्यातच येतात: काशी, मिरे, घोडबंदर, नवघर, भाईंदर, राई, मुर्धे, आणि समुद्राच्या कडेला डोंगरी, उत्तन, पाली, चौक. उत्तन ते मनोरी हा पश्चिमेचा पट्टा धारावी बेट म्हणून ओळखला जातो. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. चौकाला धारावीचा किल्ला आहे आणि तिथून खाडीपलीकडची वसई समोर दिसते.

पोर्तुगीजांनी तलवारीबरोबर वाजंत्री आणली होती. दीवचा वेढा उठवून जुआंव द कास्त्रू १५४७मध्ये गोव्यात परतला, तेव्हा त्याची मिरवणूक तुताऱ्या, नगारे आणि शरमेला वाजवत रोमन सेनापतीच्या थाटात निघाली. धर्मप्रसारातही संगीत हे मुख्य साधन होतं. चर्चला जोडून शाळा, शाळेत अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि गायन-वादन, आणि ते शिकवणारा मेस्त्रे. हाच शब्द मराठीत मिस्त्री होऊन गवंडी-सुतारांकडे गेला. पगार, चावी, बिजागरी आणि पाव यांच्याच वाटेने. साष्टीत याचं एक मोठं ठाणं दहिसर-बोरिवलीच्या मंडपेश्वरला होतं. फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो दु पोर्तू याने तिथल्या शैव लेण्यांचं चर्च केलं, वर विद्यालय उभारलं आणि नव्याने बाटलेल्या मुलांना तिथे ठेवलं. ज्या दगडी मंडपात नटराज कोरलेला आहे, तिथेच लॅटिन भजनं घुमू लागली. या घटनेत जबरदस्ती होती, हे साफ लिहिलं पाहिजे. आणि त्याच मुलांच्या नातवा-पणतवांनी ते संगीत आपलंसं केलं, हेही तितकंच खरं.

पोर्तुगाल-स्पेनच्या कॅथीड्रलमध्ये तेव्हा गायकांच्या खर्जाला आधार द्यायला बायशांव उभं असे. गायकांच्या ताफ्याला पगारी बायशांववादक असणं हे तिथे इतकं रूढ होतं की ही चाल १९व्या शतकापर्यंत टिकली. अरगन भिंतीत बसवलेला, तो हलत नाही. बायशांव मिरवणुकीतही खांद्यावरून नेता येतं. जेझुइट आणि फ्रान्सिस्कन जिथे गेले तिथे ही कल्पना पोचली, आणि कधी कधी तिने अद्भुत रूपं घेतली. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातल्या मोखोस प्रदेशात जेझुइटांना १७६७मध्ये हाकललं गेलं, पण तिथले आदिवासी आजही सणाला ‘बाखोनेस’ वाजवतात. ताडाच्या पानांच्या मोठमोठ्या नळ्या करून, त्या एका ओळीत बांधून, तोंडाने फुंकायच्या. वाद्य पार निराळं, पत्तीसुद्धा नाही. पण चर्चमध्ये खर्ज धरायचं काम आणि त्या कामाचं नाव टिकलं.

आपल्याकडे असं घडायला सवडच मिळाली नाही. १७३७मध्ये मराठी फौजा साष्टीत उतरल्या. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. धारावीचा किल्ला खाडीच्या तोंडावर, त्यामुळे वसईला समुद्रातून मिळणारी मदत तोडायची तर तो हवाच होता. तो घेतल्यावर वसईचा गळा आवळला गेला. मे १७३९मध्ये तट उडाला आणि किल्ला शरण आला. तहाचं पहिलं कलम मला फार बोलकं वाटतं: पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, ढोल वाजवत आणि निशाणं फडकवत बाहेर पडू द्यावं. हरलेल्यांनी वाजवत जाण्याचा हक्क लिहून घेतला आणि जिंकलेल्यांनी तो दिला. दोन्ही बाजूंच्या लेखी मुलूख हातात असण्याचा अर्थ तिथे कुणाचं वाद्य वाजतं हा होता. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना होता. सनई-चौघडा हा पेशवाईच्या सत्तेचा रोजचा उच्चार होता. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक तहाने दिली. युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले, गोव्याकडचे देशी पाद्री गावं सांभाळू लागले. पैसा आटला, मंडपेश्वरची लेणी पुन्हा शंकराची झाली.

त्याच वर्षांत युरोपात बसूनचा सुवर्णकाळ चालू होता. व्हेनिसमध्ये अनाथ मुलींच्या एका आश्रमशाळेशी निगडित असलेल्या विवाल्दीने बसूनसाठी ३९ कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदासह वाजवायच्या रचना, लिहिले; त्यातले दोन अपुरे आहेत. बाजीराव आणि चिमाजी अप्पा दोघेही १७४०मध्ये गेले. विवाल्दी पुढच्याच वर्षी. आणि सालांचा आणखी एक मेळ: मोझार्टने आपला बसून कॉन्चेर्टो जून १७७४मध्ये साल्झबुर्गला पुरा केला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याच वर्षी २८ डिसेंबरला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. १७८२च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

इंग्रजी पलटणींच्या बँडमध्ये त्या काळी ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून असत. म्हणजे आता तरी बसून या किनाऱ्यावर मुळं धरायला हवं होतं. धरलं नाही, आणि त्याचं कारण पितळेत आहे. १८३५मध्ये बर्लिनला ट्यूबाचं पेटंट निघालं, पाठोपाठ सॅक्सहॉर्न आले. या पितळी वाद्यांचा खर्ज मैदानात दूरवर पोचतो, ती पावसात फुगत नाहीत, तडकत नाहीत, शिकायला सोपी, आणि पत्तीची कटकट नाही. लष्करी बँडने बसून हळूहळू खाली ठेवलं. १८६०च्या दशकात बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे भाईंदरवरून खाडी ओलांडून गेली, मुंबई जवळ आली, आणि साष्टीतल्या ख्रिस्ती तरुणांना शहरात नोकऱ्या मिळू लागल्या. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या ५० व्या वर्षी, या समाजाने गोव्याच्या ख्रिश्चनांपासून आपली वेगळी ओळख सांगायला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गावच्या सणाला आणि लग्नाला जो बँड रूढ झाला, तो क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, पितळी बास आणि ड्रमचा.

या बँडकडे मी उधारीचं संगीत म्हणून पाहत नाही. लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ भरायला वऱ्हाड विहिरीकडे निघतं, तेव्हा पुढे बँड किंवा घुमट, मागे लुगडी नेसलेल्या, अंबाड्यात फुलं माळलेल्या बायका, आणि तोंडी मराठी बोलीतली गाणी. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यावर घोरपडीचं कातडं ताणलेलं वाद्य. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यापासून आता बकरीचं कातडं लावतात. हिंदू शेजाऱ्याच्या हळदीला सनई किंवा बेंजो, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या लग्नाला क्लॅरिनेट; रस्ता तोच, नाचणारी पोरं कित्येकदा तीच. क्लॅरिनेटला एकच पत्ती असते, म्हणून ते सनईच्या घराण्यातलं नव्हे. तरी आपल्या बँडवाल्यांनी त्यावर मींड काढली, सनईच्या वळणाची गाणी बसवली, आणि दुहेरी पत्तीची रिकामी जागा आपल्या परीने भरून काढली.

बसून मात्र मुंबईच्या सभागृहांत राहिलं. मेहली मेहतांनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. पुढे २००६मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तिथे बसूनच्या खुर्च्यांवर मुख्यतः परदेशी वादक बसत आले आहेत. याला गुणवत्तेची उणीव कारण नाही. वाद्य महाग, गुरू दुर्मीळ, पत्त्या बाहेरून मागवायच्या, आणि पावसाळ्यात लाकूड जपायचं. ज्या गावांत तीन पिढ्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजतं आहे, जिथे मुलं चर्चच्या गायकवृंदात नोटेशन वाचायला लहानपणीच शिकतात, तिथे बसून शिकणारं पोर निघणार नाही, हे मला पटत नाही. चर्चगेटला जाणारी लोकल भाईंदरहून सुटते, एवढं अंतर.

१९८५मध्ये नगरपालिका आणि २००२मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या मधल्या काळात कुठच्या कुठे गेली. चौकाला चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, उत्तनला चर्च भरलेली आहेत, आणि मीरा रोडला लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलं आहे. माझी एक साधी मागणी आहे. त्या नाट्यगृहात एखाद्या संध्याकाळी सुंद्री या सनईच्याच जातीच्या छोट्या वाद्याचा सोलापूरकडचा एक वादक, एक सनईवादक आणि एनसीपीएचा एक बसूनवादक यांना एकत्र बसवा. आधी तिघांनी नुसत्या पत्त्या, वाद्याला न लावता, फुंकून दाखवाव्यात. मग विवाल्दी, मग भूप. सुरुवातीचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी फुकट ठेवावेत, आणि उत्तन-डोंगरीच्या बँडवाल्यांना पहिल्या रांगेत बसवावं. प्रश्न विचारायचा पहिला हक्क त्यांचा.